‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ : नायकाच्या अज्ञानावर उभा असलेला हेरपट

जेम्स बाँड चित्रमालिकेची चर्चा बहुधा अद्भुत यंत्रे, वेगवान मोटारी आणि नायकाचा रुबाब यांभोवतीच फिरत राहते. १९६२ मधील ‘डॉ. नो’पासून २०२१ मधील ‘नो टाइम टू डाय’पर्यंतच्या पंचवीस चित्रपटांकडे पाहता ते स्वाभाविकही आहे. मात्र या मालिकेतील दुसरा चित्रपट, टेरेन्स यंग यांनी दिग्दर्शित केलेला ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३), या परिचित चौकटीत पुरता बसत नाही. त्यातील बाँडजवळ साधनांनी भरलेली एक हातपेटी आहे. बाकी सारा व्यवहार माणसांच्या चातुर्यावर आणि त्याहून अधिक त्यांच्या अज्ञानावर चालतो. या चित्रपटाची गुणवत्ता शोधावयाची ती येथेच.

आरंभीच्या प्रसंगात रात्रीच्या बागेत बाँडचा गळा आवळून खून होतो. मृताच्या चेहऱ्यावरील मुखवटा काढल्यावर तो बाँड नव्हताच, हे कळते. ग्रँट नावाच्या मारेकऱ्याचा तो केवळ सराव होता. त्यानंतर बराच काळ नायक पडद्यावर येत नाही. तोवर ‘स्पेक्टर’ संघटनेचा बुद्धिबळपटू क्रॉनस्टीन आपला डाव प्रेक्षकांसमोर मांडून मोकळा होतो. इस्तंबूलच्या सोव्हिएत वकिलातीतील तातियाना रोमानोवा ही कर्मचारी ‘लेक्टर’ नावाच्या सांकेतिक यंत्रासह पळून येण्याची तयारी दाखवील; बाँड तिला आणावयास जाईल; शेवटी दोघेही मारले जातील आणि ब्रिटिश गुप्तचर खात्याची बेअब्रू होईल. काय घडणार हे प्रेक्षकास ठाऊक असते. त्यामुळे कुतूहलाची जागा काळजी घेते.

रहस्यकथेत लेखक प्रेक्षकापासून काही लपवितो, तर येथे तो नायकापासून लपवितो. संस्कृत नाटकाच्या अभ्यासकांना ही रीत नवी वाटू नये. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचे जाळे प्रेक्षकांस दिसत असते आणि अमात्य राक्षस त्यात पावलापावलाने गुरफटत जातो. अर्थात तेथे जाळे विणणारा नायक आहे, येथे नायक सावज आहे. जिप्सी वस्तीवरील हल्ल्यात दुरून आलेली एक गोळी बाँडचे प्राण वाचविते. ती ग्रँटने झाडलेली असते, कारण नियोजित वेळेपूर्वी बाँड मरून चालणार नसते. नायकाचे शौर्य शत्रूच्या वेळापत्रकावर अवलंबून असल्याचे इतके स्पष्ट चित्र या मालिकेत पुढे क्वचितच आले.

इयन फ्लेमिंग यांच्या १९५७ च्या मूळ कादंबरीत हा कट सोव्हिएत ‘स्मर्श’चा आहे. चित्रपटात तो एका राष्ट्रहीन संघटनेकडे सोपविला गेला. शत्रू सौम्य करण्याची ही व्यावसायिक तडजोड होती, असे म्हणून हा बदल निकालात काढता येईल. परंतु त्याचा परिणाम तेवढाच नाही. ‘स्पेक्टर’चा प्रमुख एका काचपात्रातील माशांकडे बोट दाखवितो : दोन झुंजत आहेत, तिसरा विजेता दमण्याची वाट पाहत आहे. ऑक्टोबर १९६२ च्या क्यूबा संकटानंतर वर्षभराने पडद्यावर आलेल्या या दृश्यात शीतयुद्धाच्या दोन्ही बाजू एकाच पातळीवर येतात. मूळ कादंबरीला अशा समांतर दृष्टीची आवश्यकता वाटली नव्हती.

तंत्राच्या बाजूने ओरिएंट एक्सप्रेसमधील झटापटीचा उल्लेख अपरिहार्य आहे. अरुंद डबा, फुटलेला दिवा, निळसर काळोख आणि पीटर हंट यांचे तुटक संकलन. येथे जॉन बॅरी यांचे संगीत पूर्णपणे थांबते. ऐकू येते ती गाडीची धडधड आणि धापा. परंतु त्यापूर्वीचा संवाद त्याहून मोलाचा आहे. दीर्घकाळ मूक राहिलेला ग्रँट झाग्रेबपासून इंग्रज अधिकारी म्हणून बोलू लागतो आणि जेवताना माशासोबत तांबडी वाइन मागवितो. ही चूक बाँडच्या नजरेतून सुटत नाही, पण तिचा अर्थ त्याला वेळेवर उमगत नाही. अभिरुचीच्या बळावर माणूस ओळखण्याचा ब्रिटिश उच्चवर्गीय आत्मविश्वास येथे उघडा पडतो. नायक अखेरीस वाचतो तो ग्रँटला सोन्याच्या नाण्यांचा मोह घालून. अभिरुची त्याच्या कामी येत नाही.

बाँडहूनही कमी माहिती असणारी एक व्यक्ती या कथेत आहे, आणि चित्रपटाचा खरा नैतिक पेच तिच्यापाशी आहे. आपण मातृभूमीसाठी आज्ञा पाळत आहोत, असे तातियानास वाटते. आज्ञा देणारी रोझा क्लेब मात्र पक्ष बदलून चुकलेली असते. लंडनमधील वरिष्ठांनाही हा सापळा असल्याचा संशय असतो, तरीही यंत्राच्या लोभाने ते बाँडला पाठवितात. ‘मुद्राराक्षसा’च्या पूर्वकथेतील विषकन्या चंद्रगुप्तासाठी पाठविली जाते आणि चाणक्य तिला पर्वतकाकडे वळवितो, तिला काय वाटले, हे कोणी विचारीत नाही. तातियानाचेही तसेच आहे. हॉटेलातील आरशाआडून तिच्या एकांताचे चित्रीकरण होते, तेव्हा प्रेक्षकही छुप्या कॅमेऱ्याच्या बाजूला उभा असतो. दिग्दर्शकाने ही अस्वस्थता निर्माण केली, पण ती पेलली मात्र नाही. करीम बेच्या मृत्यूनंतर बाँड तिला थोबाडीत मारतो आणि कथा त्यावरून सहज पुढे सरकते. निर्णायक झुंजीच्या वेळी तर ती गुंगीच्या औषधाने झोपलेली असते. डॅनिएला बियांकी यांचा आवाजही दुसऱ्या अभिनेत्रीचा आहे, ही केवळ निर्मितीची गरज; तरीही या पात्राच्या संदर्भात ती बोचते.

जिप्सी वस्तीतील दोन स्त्रियांची कुस्ती आणि तिचा निवाडा पाहुण्या बाँडच्या हाती देणे, हा भाग पौर्वात्यवादी कल्पनाविलासाचा ढोबळ नमुना होय. त्याचा बचाव करण्याचे कारण नाही. इस्तंबूलला जे व्यक्तित्व लाभते ते पेद्रो आर्मेन्दारिस यांच्या करीम बेमुळे. चित्रीकरणाच्या काळात हा मेक्सिकन अभिनेता कर्करोगाने ग्रस्त होता आणि चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्याचे निधन झाले; पडद्यावर मात्र त्याचे प्रसन्न ऐहिकपण कोठेही उणावत नाही. रेल्वेनंतरचे हेलिकॉप्टर आणि मोटारबोटींचे पाठलाग कादंबरीत नाहीत. ते नसते तर चित्रपटाचे काही बिघडले नसते; उलट पुढील वर्षीच्या ‘गोल्डफिंगर’पासून मालिका ज्या दिशेने गेली, तिची चाहूल येथेच लागते.

कादंबरीच्या अखेरीस क्लेबच्या बुटातील विषारी पात्याने घायाळ झालेला बाँड कोसळतो. चित्रपटात व्हेनिसच्या हॉटेलात क्लेब मोलकरणीच्या वेषात येते आणि तातियानाला बाहेर जाण्याची खूण करते. ती दारापर्यंत जाते, थबकते आणि परतते. पुढे क्लेबवरची गोळी तीच झाडते. संपूर्ण कथेत कोणाच्याही आज्ञेविना तिने केलेली ही एकमेव कृती, आणि तिच्यासाठी पटकथेने दिलेला अवकाश काही क्षणांचा आहे. लगेच बाँडची कोटी येते आणि नाव कालव्यातून चालू लागते. आरशाआडून टिपलेली ती फीत तो पाण्यात सोडून देतो. तिचे काय करावयाचे, हेही तोच ठरवितो.