सहा क्रमांकाची मोटार : जुन्या छायाचित्रांतील शर्यतीच्या मोटारींच्या ओळखीविषयी

फ्रेंच छायाचित्रकार झाक-आन्री लार्तीग (१८९४–१९८६) याचे धावत्या मोटारीचे एक छायाचित्र कलेतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. मोटार उजवीकडे निघाली आहे आणि चौकटीतून जवळजवळ निम्मी बाहेर पडली आहे; तिचा पुढचा भाग कापला गेला आहे. मागचे चाक वर्तुळाकार न राहता पुढे झुकलेले लंबवर्तुळ झाले आहे. रस्त्याच्या कडेचे प्रेक्षक आणि खांब मात्र उलट दिशेस कलले आहेत. मोटारीच्या मागील टाकीवर ६ हा आकडा स्पष्ट वाचता येतो. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात लार्तीगच्या चित्रांचे प्रदर्शन झाले आणि त्याची कीर्ती जगभर पसरली. तेव्हापासून हे चित्र वेगाच्या आधुनिक अनुभवाचे जणू प्रमाणचित्र म्हणून पुनःपुन्हा छापले गेले आहे. त्याखालील मथळा दीर्घकाळ एकच होता : फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबची ग्रां प्री, दियेप, २६ जून १९१२, देलाज मोटार.

या चित्रावर पुष्कळ लिहिले गेले. त्यातील बरेचसे लेखन चित्राच्या कललेपणावर रेंगाळते. इटलीतील भविष्यवाद्यांनी १९०९ च्या जाहीरनाम्यात धावत्या मोटारीचे स्तवन केले होते. त्याच्या शेजारी हे चित्र ठेवणे सोयीचे होते, आणि १९१२ हे साल त्या मांडणीत चपखल बसत होते. परंतु ही मोटार कोणती, हा प्रश्न या लेखनात सहसा उपस्थित होत नाही. तो उपस्थित केला जुन्या शर्यतींच्या मोटारींची हौस असलेल्या अभ्यासकांनी. बहुतेकांना विद्यापीठीय पद नाही, कलासमीक्षेशी त्यांचा संबंध नाही, आणि चित्राच्या सौंदर्याविषयी ते फारसे बोलतही नाहीत. त्यांचा प्रश्न अगदी साधा असतो : ही गाडी कोणाची, कोणत्या वर्षाची आणि कोणत्या शर्यतीतली ?

दियेपच्या १९१२ च्या शर्यतीत देलाज कारखान्याच्या मोटारी उतरल्याच नव्हत्या. शर्यतीच्या नोंदी पाहणाऱ्यास ही गोष्ट लगेच कळते, आणि मथळ्याचा आधार तेथेच ढासळतो. राहतो तो टाकीवरचा आकडा. पुढच्या वर्षीची ग्रां प्री १२ जुलै १९१३ रोजी आमियेंजवळ झाली. तीत देलाज होती. पण सहा क्रमांक होता श्नायडर या आज विस्मृतीत गेलेल्या फ्रेंच कारखान्याच्या मोटारीला, आणि तिचा चालक होता क्रोके. चित्रातील मोटार ती हीच, असा निष्कर्ष आता सर्वसाधारणपणे मान्य झाला आहे. म्हणजे कारखाना, गाव आणि साल, मथळ्यातील तिन्ही गोष्टी चुकीच्या ठरल्या. दोन्ही वर्षी शर्यत जिंकली ती प्यूजो मोटारीतून झॉर्झ बोयो याने. त्यामुळे विजेत्याच्या नावावरूनही ही गफलत उघडकीस येण्याजोगी नव्हती.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना या प्रकरणात काही नवे वाटणार नाही. छायाचित्राखालचा मथळा म्हणजे पोथीची पुष्पिका. ती मूळ संहितेचा भाग नसते; बहुधा नंतर, क्वचित दुसऱ्याच्या हाताने आणि पुष्कळदा स्मरणावर विसंबून लिहिलेली असते. तरीही वाचक प्रथम तिच्यावर विश्वास ठेवतो, कारण ती अक्षरांत असते. लार्तीगच्या बाबतीत हा विश्वास अधिकच दृढ होता. तो मोटारींचे वेड असलेल्या घरात वाढला, लहानपणापासून छायाचित्रे घेत राहिला, रोजनिशी लिहीत राहिला. असा माणूस देलाज आणि श्नायडर यांत घोटाळा करील हे कोणाला पटावे ? परंतु आपले चित्रसंग्रह त्याने उत्तरायुष्यात पुन्हा रचले होते, हेही विसरता येत नाही. डोळ्यांनी पाहणारा एकोणीस वर्षांचा तरुण आणि संग्रह लावणारा वृद्ध हे एकाच नावाचे दोन साक्षीदार आहेत, आणि दोघांची साक्ष सारख्या मोलाची मानण्याचे कारण नाही.

हौशी अभ्यासकांची पद्धत मुख्यतः मथळा झाकून चित्र वाचण्याची आहे. प्रथम पाहिला जातो रेडिएटर, कारण तो कारखान्याची मुद्राच असतो : बुगातीचा नालाच्या आकाराचा, तर रनोच्या जुन्या मोटारींत तो इंजिनाच्या मागे असल्यामुळे बॉनेट पुढे उतरत गेलेले. लार्तीगच्या चित्रात नेमका हाच भाग चौकटीबाहेर गेला आहे, आणि मथळ्याला इतकी वर्षे आव्हान न मिळण्याचे एक कारण हेही असावे. त्यानंतर चाके पाहतात, लाकडी आऱ्यांची की तारांची. एक्झॉस्टची नळी कोणत्या बाजूने बाहेर येते. सुकाणू कोणत्या हाताला आहे. काच उलटी ठेवून छापलेले चित्र या शेवटच्या दोन खुणांवरून पकडता येते. आकडा दिसत असेल तर प्रश्नच उरत नाही. पण बाजूने घेतलेल्या चित्रात तो पुष्कळदा दिसत नाही.

रंगाचा पुरावा सर्वांत फसवा. १९०० च्या गॉर्डन बेनेट शर्यतीपासून राष्ट्रीय रंगांची प्रथा पडू लागली आणि पुढे फ्रान्स निळा, ब्रिटन हिरवा, इटली लाल, जर्मनी पांढरा असे संकेत रूढ झाले. कृष्णधवल चित्रात रंग नसला तरी त्याची छटा असते, आणि नवशिका तिच्यावरून देश ठरवू पाहतो. त्या काळच्या प्लेटांवरील लेप मात्र निळ्या प्रकाशास फार संवेदनक्षम आणि लाल प्रकाशास जवळजवळ आंधळा होता. त्यामुळे निळी फ्रेंच मोटार छायाचित्रात फिकट, प्रसंगी पांढरीच भासते आणि लाल इटालियन मोटार काळी होते. डोळ्यांना जे दिसते ते मोटारीचे वर्णन नसून लेपाने केलेले तिचे भाषांतर असते.

कालनिर्णयात एक विवेक आवश्यक असतो, आणि तो सर्वच हौशी मंडळी पाळतात असे नाही. ४ जुलै १९१४ रोजी लियोंच्या ग्रां प्रीत प्यूजो, देलाज, फियाट आणि पिकार-पिक्ते यांच्या मोटारींच्या पुढच्या चाकांनाही ब्रेक होते. म्हणून १९१२ च्या मथळ्याखालील प्यूजोच्या पुढच्या चाकांत ब्रेकचा डबा दिसला तर मथळा संशयास्पद ठरतो. उलट अनुमान मात्र चालत नाही. पुढचे ब्रेक नाहीत म्हणून चित्र १९१४ पूर्वीचे, असे म्हणता येणार नाही. लियोंला पहिले तिन्ही क्रमांक पटकावणाऱ्या मर्सिडीस मोटारींना ब्रेक होते ते मागच्याच चाकांना. खूण आढळणे आणि न आढळणे यांचे बळ सारखे नसते. जुन्या शब्दरूपांवरून ग्रंथाचा काळ ठरवणाऱ्यांनीही हीच चूक अनेकदा केली आहे.

या पद्धतीतील खरा दोष याहून खोल आहे. मोटारीची ओळख तीन पायऱ्यांनी पटते : कारखाना, नमुना आणि प्रत्यक्ष ती एकच मोटार. पहिल्या दोन पायऱ्यांवर हौशी अभ्यासकांचे काम बहुधा भक्कम असते. तिसरीवर ते डळमळते. कारखाने शर्यतीला एकसारख्या दोन-तीन मोटारी पाठवीत. त्यांतील कोणती कोणती, हे मग बॉनेटवरील हवेच्या फटींच्या संख्येवरून, चामडी पट्ट्याच्या जागेवरून, टाकीच्या झाकणावरून ठरवायचे. ताडून पाहण्यासाठी पुढे ठेवली जाते आज अस्तित्वात असलेली मोटार. पण ती मोटार बहुधा दुरुस्त केलेली असते आणि दुरुस्ती करणाऱ्याने हवेच्या फटी कशावरून पाडल्या ? जुन्या छायाचित्रांवरून ! म्हणजे छायाचित्रावरून मोटार घडवायची आणि त्या मोटारीवरून छायाचित्राची खात्री पटवायची. हा अन्योन्याश्रय आहे, आणि या क्षेत्रातील लेखनात तो जितका आढळतो तितका मान्य केला जात नाही.

यात गुंतलेले हितसंबंध लहान नाहीत. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली स्पीड सिक्स मोटार १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात वेगळे इंजिन बसवले गेले. १९३२ साली ब्रुकलँड्स येथे तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. त्यानंतर तिला बंद टपाची नवी रचना मिळाली. १९९० साली ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला आणि खरेदीदाराने, ही ती मोटारच नव्हे, असा पवित्रा घेतला. लंडनच्या उच्च न्यायालयापुढे प्रश्न आला. १९२९ सालचे भाग मोटारीत नाममात्रच उरले आहेत हे न्यायाधीशांनी मान्य केले. तरीही मोटारीचा इतिहास अखंड आहे, मधल्या काळात दुसऱ्या कोणत्याही मोटारीने त्या नावावर हक्क सांगितलेला नाही, म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ होय, असा निर्णय त्यांनी दिला. मूळ असणे आणि अस्सल असणे यांत त्यांनी केलेला भेद महत्त्वाचा आहे. छायाचित्र क्षणाचे असते. सातत्य त्यात उमटत नाही. हवेच्या फटी मोजून सातत्य सिद्ध करू पाहणाऱ्यांना हा निर्णय अडचणीचा वाटला तर नवल नाही.

लार्तीगच्या चित्रात मात्र प्रश्न पहिल्या दोन पायऱ्यांचाच होता, आणि तेथे हौशी अभ्यासकांनी समीक्षकांना मागे टाकले. मोटारीच्या नावाने चित्राच्या गुणवत्तेत काय फरक पडतो, असे यावर विचारले जाईल. फरक पडतो. जो कललेपणा समीक्षकांनी दृष्टीची झेप म्हणून वाखाणला, त्याचे कारण यांत्रिक आहे. त्या कॅमेऱ्याचे शटर म्हणजे प्लेटच्या अगदी पुढून सरकणारा, आडवी फट असलेला पडदा. प्लेटवर प्रतिमा उलटी पडते. म्हणून पडदा वरून खाली सरकला की दृश्याचा तळ आधी आणि माथा नंतर उमटतो. लार्तीगने कॅमेरा मोटारीबरोबर फिरवला, पण तिला गाठण्याइतक्या वेगाने नव्हे. त्यामुळे मोटार प्लेटवर पुढे सरकत राहिली आणि तिचे चाक पुढे झुकले. स्थिर उभे असलेले लोक त्याच वेळी मागे सरकत राहिले आणि मागे कलले. कॅमेरा स्थिर असता तर माणसे सरळ उभी राहिली असती, पण टाकीवरचा आकडा पुसट होऊन वाचता आला नसता. माणसांना कलवणारी आणि आकडा वाचनीय ठेवणारी हालचाल एकच आहे. चित्राच्या ज्या गुणाविषयी समीक्षकांनी लिहिले त्याच गुणाने मथळ्याविरुद्धचा पुरावा जपून ठेवला होता, आणि तो पाहण्यासाठी मोटारींविषयी आस्था असलेला वाचक लागला.

जुना मथळा अनेक पुस्तकांत छापलेला आहे आणि तो तसाच राहणार. अधिक निकडीचे काम दुसरेच आहे. एखाद्या संग्रहातील एका चित्राची तारीख स्मरणाने चुकली असेल, तर त्या चित्राच्या आधाराने ज्या शेजारच्या चित्रांना तारखा मिळाल्या त्यांचीही एकेक करून फेरतपासणी करावी लागते. आणि त्यांपैकी पुष्कळांवर आकडा नसतो.