खांबाच्या पलीकडे: केबलवर देखरेख कुणाची?

मंडळी, गोंदियात घरचं केबल बंद पडलं की आपण ऑपरेटरच्या पोराला फोन लावतो. तो आलाच नाही तर? नगरसेवकाकडे जावं तर तो म्हणतो, हे आमच्याकडे येत नाही. आणि तो खोटं बोलत नसतो.

अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी केबल कंपनीला शहराशी करार करावा लागतो. तिथल्या 1984 च्या कायद्याप्रमाणे शहराला उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येतं, लोकांसाठी एखादी वाहिनीही मागता येते. आपल्या 1995 च्या केबल कायद्यात असा करारच नाही. नोंदणी हेड पोस्टात, कारवाईचा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी नाहीतर पोलीस आयुक्त यांच्याकडे. जानेवारी 2025 पासून नोंदणीसुद्धा ऑनलाइन, थेट केंद्रीय मंत्रालयाकडे गेली. सालेकसा-देवरीच्या ऑपरेटरचा पोस्टमास्तरांशी होता तेवढा संबंधही सुटला. दर आणि सेवेचे नियम ठरवणारी ट्राय, तीही दिल्लीतच.

नगर परिषदेला उरतं काय? तारा टाकायला जागेची परवानगी. शिवाय 101 व्या घटनादुरुस्तीनंतर करमणूक कर पंचायत-नगरपालिकांपुरताच राहिला. म्हणजे पैसे घ्यायचं दार घटनेनं उघडं ठेवलं, जाब विचारायचं नाही.

2008 साली केंद्रानं जिल्हास्तरीय देखरेख समित्या काढायला सांगितलं. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत पोलीस अधीक्षक, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, स्वयंसेवी संस्था, एखादा अभ्यासक. (आमच्यासारख्या निवृत्तांची सोय तेवढी झाली!) लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी मात्र त्यात नाही. आणि लक्ष मुख्यतः काय दाखवलं जातं याच्यावर. ग्राहकाचं कनेक्शन आठवडाभर बंद आहे, हा त्या समितीपुढचा विषयच नव्हे.

मग सगळं नगर परिषदेला देऊन टाकायचं का? इथे आमचं आमच्याच मित्रांशी पटत नाही. नाली का तुंबली, टेंडर कुणाला गेलं, हे लोकल केबलवरच दिसतं. ज्यांच्या टेंडरची बातमी त्यांच्याच हातात परवाना दिला, तर ती बातमी किती दिवस टिकेल? सार्वजनिक हिताच्या नावाखाली प्रक्षेपण थांबवायचं कलम 19 आज अधिकाऱ्याच्या हातात आहे. ते सत्ताधारी गटाच्या हाती देण्यात आम्हाला काही सुधारणा दिसत नाही.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. काय दाखवायचं, त्यात परिषदेनं पडू नये. पण सेवा किती दिवस बंद होती, पावती मिळते का, तक्रार कधी सुटली, याचा हिशेब ऑपरेटरनं दर तीन महिन्यांनी सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल. सभेचं कामकाज केबलवर दाखवायला मात्र दिल्लीची वाट कशाला बघायची? सदस्य त्याला तयार होतील का, हे तुम्हीच आपापल्या वॉर्डात विचारून बघा.