ओसरीवरून दिसलेला मंगळ

विज्ञानकथा ही करमणूक. तिच्यात समाज शोधू नये, असे आपल्याकडे मानले जाते. हे मत तपासून घेतले पाहिजे. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केले. लगद्याच्या हलक्या कागदावर अशी मासिके पुढे अनेक निघाली. त्या कागदावरूनच त्यांना ‘पल्प’ हे नाव पडले. त्यांतील सूर्यमाला ठरीव साच्याची होती. शुक्र म्हणजे दमट जंगल, मंगळ म्हणजे आटत चाललेली प्राचीन संस्कृती, बुध म्हणजे एक बाजू कायम सूर्याकडे असलेला गोळा. विज्ञानाने ही चित्रे पुढे खोटी ठरवली. पण त्या नकाशात आणखी एक वाटणी होती. पृथ्वीवरून जाणारा नायक बहुधा गोरा असे, आणि ग्रहावर आधीपासून राहणारा तो ‘नेटिव्ह’. ग्रह बदलले, उतरंड बदलली नाही.

एडमंड हॅमिल्टन यांची ‘अ काँक्वेस्ट ऑफ टू वर्ल्ड्स’ (१९३२) ही कथा ही चाकोरी मोडते. पृथ्वीची माणसे मंगळ जिंकतात, मग गुरू. हा विजय म्हणजे तिथल्या रहिवाशांचा संहार आहे, हे लेखक लपवीत नाही. हॅल्केट हा पृथ्वीचाच सैनिक जितांच्या बाजूला जातो आणि त्यांच्याबरोबर हरतो. लेखकाचा प्रामाणिकपणा नाकारता येणार नाही. पण ज्यांची भूमी गेली त्यांचा लढाही परक्या उद्धारकाच्या नेतृत्वाखालीच उभा राहावा, हे आपल्याला खटकते. उद्धारकांचा अनुभव आपल्याला थोडाथोडका नाही.

रे ब्रॅडबरी यांची १९५० मधील ‘वे इन द मिडल ऑफ द एअर’ आपल्या अधिक जवळची आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय एके दिवशी सारे मंगळावर निघतात. सॅम्युएल टीस हा गोरा दुकानदार ओसरीवर बसून हा लोंढा पाहतो. एकाला तो पन्नास डॉलरच्या कर्जासाठी अडवतो. बाकीचे वर्गणी काढून त्याला सोडवतात. कराराने बांधलेल्या पोराला तो अडवतो, तेव्हा आपल्या सालगड्याची आठवण यावी. सुटलेला पोरगा जाता जाता विचारतो, आता रात्री तुम्ही काय करणार? रात्री काय चालत असे, हे दोघांनाही ठाऊक आहे. आणि शेवटी टीसला समाधान कशाचे? पोरगा अखेरपर्यंत आपल्याला ‘मिस्टर’ म्हणाला याचे! जोहाराचा इतिहास ज्यांच्या पाठीशी आहे, त्यांना या समाधानाचा अर्थ सांगावा लागत नाही.

गाव सोडण्याचा विचार आपल्याला नवा नाही. १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला होता. म्हणूनच या कथेतील एक उणीव टोचते. कथा ओसरीवरच थांबते. निघालेल्यांनी रात्र रात्र जागून काय ठरवले, मागे काय ठेवले, कोण रडले, हे टीसला दिसत नाही, म्हणून वाचकालाही दिसत नाही. ब्रॅडबरींनीच १९५१ साली ‘द अदर फूट’ मध्ये मंगळावरची ही वस्ती दाखवली. युद्धाने पृथ्वी उद्ध्वस्त झाल्यावर एक गोरा तिथे येतो. त्याच्यासाठी दोर तयार असतो. पण अखेर त्याला क्षमा मिळते. क्षमा थोर खरीच. परंतु पीडिताच्या हाती सत्ता येताच त्याच्याकडून प्रथम क्षमाच मागितली जाते, हे काय केवळ योगायोगाने घडते?

सहानुभूतीने लिहिलेले साहित्य आपण फेकून देऊ नये. टीसची ओसरी इतक्या निर्दयपणे उघडी करणे सोपे नव्हते. पण सहानुभूती पाहते ती ओसरीवरून. अनुभव त्या वाटेने चालत असतो. रॉकेटात चढलेल्या माणसाने स्वतः लिहिलेली कथा त्या मासिकांत मला भेटली नाही. तिच्यावाचून ती सूर्यमाला अपुरी आहे. आपल्या लेखकांनी आकाश दुसऱ्यांना सोडून देऊ नये.