चित्रकलेच्या तासातील ‘येत नाही’

उच्च प्राथमिक वर्गांतील चित्रकलेच्या अध्यापनाचा विचार बहुधा साधने, अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या अनुषंगाने होतो. तासाला बोलल्या जाणाऱ्या भाषेचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः कागद कोरा ठेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या संकोचाचे मर्म त्याच्या एकाच वाक्यात सापडते : ‘मला चित्र येत नाही.’

‘त्याने चित्र काढले’ या वाक्यातील तृतीयान्त कर्ता कृती करतो. ‘त्याला चित्र येते’ यातील चतुर्थ्यन्त व्यक्ती मात्र कौशल्याचे केवळ आश्रयस्थान ठरते. दोष व्याकरणाचा नव्हे, कारण मराठीत पोहणेही ‘येते’. परंतु पोहता न येणाऱ्याने पाण्यात उतरून शिकावे, हे सर्वमान्य असते. चित्र न येणे हा मात्र जन्मजात उणेपणा समजला जातो.

हे वाक्य अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास का ऐकू येते, याचा उलगडा व्हिक्टर लोवेनफेल्ड यांच्या १९४७ मधील विवेचनातून होतो. या वयात मूल स्वतःच्या चित्राचे टीकाकार बनते. डोळ्यांना दिसणारे आणि हातून उतरणारे यांतील अंतर त्यास बोचू लागते. म्हणून १८९७ साली व्हिएन्ना येथे बालकांचा कलावर्ग उघडणाऱ्या फ्रान्झ सिझेक यांची मुक्त आविष्काराची भूमिका बालवयास कितीही पोषक असली, तरी या वयास ती एकटी पुरत नाही. आपले चित्र फसले हे जाणणाऱ्या मुलास ‘मनास येईल ते काढ’ असे सांगणे म्हणजे त्यास एकटे सोडणे होय.

असे मूल मग ठरीव साच्याचा आश्रय घेते. कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम मार्गावरील, मराठवाडा व वऱ्हाड यांच्या सीमेवरचे गाव. तेथील मुलाच्या नित्य परिचयाचे आहेत ते रस्त्याचे वळण, काळे रान आणि पोळ्याला सजविलेले बैल. निसर्गचित्र म्हटले की अशा गावीही दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी व झोपडी हेच कागदावर उतरण्याचा संभव अधिक. पाठ केलेला निबंध आणि हे चित्र यांत तत्त्वतः भेद नाही. दोन्ही चूक टाळण्यासाठी योजलेली असतात.

‘छान’ हा शब्द येथे निरुपयोगी ठरतो, कारण तो चित्राविषयी काहीच सांगत नाही. विद्यार्थ्याच्या कागदावर शिक्षकाने स्वतः रेघ दुरुस्त करणे तर त्याहून घातक. त्यायोगे कर्तृत्वच हिरावले जाते. ‘बैलाचे शिंग कानाच्या कोणत्या बाजूस आहे?’, ‘रस्ता दूर जाताना रुंद दिसतो की अरुंद?’ असे प्रश्न मुलास पुन्हा पाहावयास लावतात. प्रारंभीची रेखाटने लहान, झटपट व गुणांकनाविना असावीत. त्यांतील एखादी साधलेली रेघ नेमकेपणाने दाखवून द्यावी.

यावर आक्षेप संभवतो की, शासकीय रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र व स्मरणचित्र यांची अचूकता पाहिली जाते. तेथे अशा सवलतीने काय साधणार? परंतु अचूकता ही निरीक्षणाचे फळ आहे, भीतीचे नव्हे.

या प्रश्नास व्यावहारिक बाजूही आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीची पटसंख्या १०० हून अधिक असलेल्या शाळांसाठी. लहान गावांत हा तास पुष्कळदा भाषेच्या वा गणिताच्या शिक्षकाकडे येतो, आणि ‘मलाही चित्र येत नाही’ असे तोही म्हणतो. त्याच्यापाशी निष्णात हात नसेल. नेमका प्रश्न विचारण्याची भाषा असू शकते. विद्यार्थ्यास ‘त्याला’मधून ‘त्याने’कडे नेण्याचे कार्य तेवढ्यावरही सुरू होऊ शकते.