प्रश्न कोणाचा? : आरोग्यसंशोधनातल्या लोकसहभागाची एक चिकित्सा

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने मला विचारलं होतं, "सर, मी आरोग्यसंशोधनात काम करतो. आता एका लोकसहभागी प्रकल्पाचं नेतृत्व माझ्याकडे येतंय. लोक स्वतः माहिती गोळा करणार, आम्ही ती एकत्र करणार. तत्त्वज्ञान याबद्दल उपयोगाचं काही सांगू शकतं का?" 'उपयोगाचं' या शब्दावर त्याने जरा जोर दिला होता, तो माझ्या लक्षात राहिला. आज त्याला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. उत्तर थोडं टीकेच्या अंगाने जाईल, पण ती टीका त्याच्यावर नाही, 'सहभाग' या शब्दावर आहे.

सुरुवात घरापासून करतो. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत मधुमेहाचं एक सर्वेक्षण झालं. हातात टॅब घेतलेली एक मुलगी आली. चुणचुणीत होती, बोलायला गोड होती. माझ्या पत्नीला वीस वर्षं मधुमेह आहे. मुलीने विचारलं, "आजी, पायाला मुंग्या येतात का? हो की नाही?" पत्नी म्हणाली, "मुंग्या नाही गं येत, पण चालताना पायातली चप्पल निसटली तरी मला कळत नाही. दोन पावलं पुढे गेल्यावर खाली बघते, तर पाय अनवाणी." मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग 'नाही' टाकू ना?" आणि तिने 'नाही' टाकलं.

त्या मुलीचा काही दोष नव्हता. तिच्याकडे दोनच चौकोन होते. मधुमेहात पायाची संवेदना जाणं हे मुंग्या येण्यापेक्षा कमी काळजीचं नाही, उलट जास्तच आहे, कारण जखम झालेलीही कळत नाही. ती माहिती आमच्या दिवाणखान्यात स्पष्ट मराठीत बोलली गेली होती, पण टॅबमध्ये तिला जागा नव्हती. जाताना मुलीने एक पत्रक दिलं. त्यावर लिहिलं होतं की आपण या संशोधनाचे भागीदार आहात. भागीदार! धंद्यातल्या भागीदाराला निदान हिशेबाची वही तरी बघता येते.

आता 'नागरिक-विज्ञान' या कल्पनेकडे वळू. हा शब्द १९९० च्या दशकाच्या मध्याला दोन ठिकाणी, दोन वेगळ्या अर्थांनी वापरात आला. इंग्लंडमध्ये ॲलन अर्विन यांनी १९९५ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा रोख असा होता की धोके ज्यांच्या अंगावर येतात त्या नागरिकांना स्वतःचं ज्ञान असतं, आणि विज्ञानाने त्यांच्या गरजांना उत्तरदायी असलं पाहिजे. त्याच सुमारास अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेत, रिक बॉनी यांनी तोच शब्द हौशी पक्षिनिरीक्षकांसाठी वापरला. हे लोक नोंदी करून शास्त्रज्ञांना पाठवत. एका अर्थात नागरिक प्रश्न विचारतो, दुसऱ्यात नागरिक नोंद करतो. दोन्ही कामं चांगलीच आहेत. गडबड कुठे होते? आपण दुसरं काम करतो आणि पहिल्याचं श्रेय घेतो, तिथे.

या दोन अर्थांची शेजारीशेजारी ठेवता येतील अशी उदाहरणं कोविडने दिली. मार्च २०२० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी झो या कंपनीबरोबर एक ॲप सुरू केलं. आज तुम्हाला काय होतंय ते रोज नोंदवा, इतकंच. दोन महिन्यांच्या आत छापल्या गेलेल्या त्यांच्या अभ्यासात २६ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी होत्या. त्यांतल्या ज्यांची चाचणी झाली होती त्यांच्याकडे पाहिलं, तर ब्रिटनमध्ये पॉझिटिव्ह आलेल्या सुमारे ६५ टक्के लोकांनी वास किंवा चव गेल्याचं सांगितलं होतं. निगेटिव्ह आलेल्यांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होतं. १८ मे २०२० रोजी ब्रिटिश सरकारने हे लक्षण अधिकृत यादीत घेतलं. हे मोठंच काम झालं, आणि ते लोकांनी दिलेल्या नोंदींवर झालं. मी ते मुळीच कमी लेखत नाही. पण एक लक्षात घ्या. हे कळलं, कारण वास जाण्याबद्दलचा प्रश्न ॲपमध्ये होता. तो कुणीतरी आधी घातला होता. जो रकाना नाही, त्यात पंचवीस लाख माणसंही काही लिहू शकत नाहीत.

आता दुसरं उदाहरण. सौम्य कोविड साधारण दोन आठवड्यांत बरा होतो, असं तेव्हा सांगितलं जात होतं. पण काही माणसं सहा आठवडे झाले, आठ झाले, तरी उठू शकत नव्हती. त्यांतले कित्येक रुग्णालयात गेलेच नव्हते, त्यामुळे रुग्णालयाच्या आकड्यांत ते नव्हते. पहिल्या लाटेत अनेकांची चाचणीच झाली नव्हती, त्यामुळे चाचण्यांच्या आकड्यांतही नव्हते. 'बॉडी पॉलिटिक' नावाच्या एका ऑनलाइन आधारगटात ही माणसं एकमेकांना भेटली. त्यांच्यात संशोधनाचं, विदेचं, धोरणाचं काम करणारे काही जण होते, आणि ते स्वतःही आजारी होते. त्यांनीच प्रश्नावली तयार केली. पहिल्या फेरीत ६४० जणांनी उत्तरं दिली, आणि मे २०२० मध्ये अहवाल निघाला. दुसऱ्या फेरीत ५६ देशांतल्या ३,७६२ लोकांनी उत्तरं दिली. २०२१ साली लॅन्सेट समूहाच्या एका नियतकालिकात ती छापली गेली, तेव्हा तीत २०३ लक्षणांचा हिशेब होता. 'लाँग कोविड' हा शब्दसुद्धा डॉक्टरांनी दिलेला नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या पुरातत्त्वज्ञ बाईंनी, स्वतः आजारी असताना, समाजमाध्यमावर तो वापरला. जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची व्याख्या केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. म्हणजे आधी रुग्णाचा शब्द, आणि दीड वर्षाने संस्थेची व्याख्या.

संख्या बघितली तर पहिल्या प्रकल्पापुढे दुसरा चिमूटभर आहे. पण प्रश्न बघा. थोडं काम केलं की दुसऱ्या दिवशी माणूस कोसळतो, हे नेहमीच्या तपासणीत सहसा कुणी विचारत नाही. ज्याला ते होतं, तोच ते विचारतो.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. त्या ३,७६२ लोकांपैकी चाचणीने खात्री झालेले होते १,०२०. बाकी २,७४२ जणांना कोविड झाल्याचा संशय होता, कागद नव्हता. शिवाय उत्तरं देणारे बहुसंख्य गोरे होते, बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि सगळे इंटरनेटवर होते. मग हा पुरावा कसा मानायचा?

आपल्याकडे न्यायदर्शनात शब्दप्रमाणाची चर्चा आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान प्रमाण केव्हा मानायचं? सांगणारा आप्त असेल तेव्हा. आणि आप्त कोण? वात्स्यायनाच्या भाष्यातला आशय असा, की ज्याला ती वस्तू प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. सांगणाऱ्याची पदवी तिथे विचारलेली नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. आप्ताला जे प्रत्यक्ष माहीत आहे तेवढ्यापुरताच तो आप्त असतो. 'मला जिना चढवत नाही' याबद्दल रुग्ण आप्त आहे. 'हे अमुक विषाणूमुळे होतंय' याबद्दल तो आपोआप आप्त ठरत नाही, तिथे अनुमान लागतं. त्या अभ्यासाच्या कर्त्यांनी खात्रीचे किती आणि संशयाचे किती हे आकडे झाकले नाहीत, स्वतंत्र दिले. मला त्यांचा मोठेपणा त्यात दिसतो.

म्हणून 'रुग्ण म्हणतो तेच खरं' या भाबड्या भूमिकेलाही माझा विरोध आहे. तो विरोध रुग्णांनीच स्वतःच्या कृतीतून करून दाखवलाय. एएलएस नावाचा एक आजार आहे. त्यात स्नायूंवरचा ताबा हळूहळू जातो आणि बरं करणारं औषध नाही. २००८ मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासाने सांगितलं की लिथियममुळे आजार मंदावतो. लिथियम घेतलेले रुग्ण होते फक्त १६. तरी आशा ती आशा! जगभरचे रुग्ण आपापल्या डॉक्टरांकडून लिथियम घेऊ लागले. पण ते तिथे थांबले नाहीत. 'पेशंट्सलाइकमी' या संकेतस्थळावर त्यांनी आपली स्थिती नोंदवायला सुरुवात केली. लिथियम घेणाऱ्या १४९ जणांची, औषध न घेणाऱ्या पण आजाराची गती तशीच असलेल्या रुग्णांशी तुलना झाली. २०११ मध्ये निष्कर्ष छापला गेला: काही फायदा नाही. विचार करा, ज्या माणसाला फायदा व्हावा असं जीव तोडून वाटतंय, तोच नोंदी देतोय आणि त्या नोंदी 'नाही' म्हणतायत. मी तीस-पस्तीस वर्षं ज्ञानशास्त्र शिकवलं. सत्यनिष्ठा म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला वर्गात देता आलं नव्हतं.

पण या गोष्टीचा पुढचा भाग ऐका. पेशंट्सलाइकमी ही कंपनी होती. २०१९ मध्ये तिच्यातल्या चिनी गुंतवणुकीवरून अमेरिकन सरकारने हरकत घेतली, आणि त्याच वर्षी ती युनायटेडहेल्थ ग्रुपने, म्हणजे आरोग्यविम्यातल्या एका बलाढ्य उद्योगसमूहाने, विकत घेतली. यात बेकायदा काही होतं असं मी म्हणत नाही. पण रुग्णांनी एकमेकांसाठी मांडलेला संसार एका व्यवहारात मालक बदलतो, तेव्हा 'भागीदार' या शब्दाचं काय होतं? डेटाला आपण मराठीत 'विदा' म्हणतो. विद् म्हणजे जाणणे, त्यावरून. पण हिंदीत विदा म्हणजे निरोप. कधीकधी वाटतं, दुसराच अर्थ जास्त खरा ठरतोय. आपली माहिती आपला निरोप घेते आणि सासरी तिचं काय होतं ते कळत नाही.

हे सगळं इंग्लंड-अमेरिकेतलं झालं. महाराष्ट्रातलं एक उदाहरण मात्र घ्यायलाच हवं, कारण ते या दोन टोकांच्या मधलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये तो लॅन्सेटमध्ये आला. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. तिथे मूळ प्रश्न डॉक्टरांचा होता, हे मान्य. पण गावातल्या थोड्या शिकलेल्या बायकांना केवळ बाळाचं वजन भरायला सांगितलं नाही. जंतुसंसर्ग ओळखायचा आणि औषध, इंजेक्शनसुद्धा, द्यायचं, हा निर्णय त्यांच्या हाती दिला. मोजणं आणि ठरवणं यांत जे अंतर असतं, ते तिथे ओलांडलं गेलं. प्रत्येक प्रकल्पात प्रश्न लोकांकडूनच यावा, असा माझा हट्ट नाही. पण निदान कुठेतरी एका जागी लोकांचं ठरवणं चालायला हवं.

तेव्हा त्या तरुण मित्राला माझं सांगणं असं. तू नेता होणार आहेस ना? मग प्रश्नावली छापण्याआधी ती दहा रुग्णांपुढे ठेव आणि 'यातला कुठला प्रश्न चुकीचा आहे?' एवढंच विचार. त्यांनी सांगितल्यावर प्रश्न खरोखर बदल. बदलणार नसशील तर का नाही, ते लिहून ठेव. प्रत्येक पानावर एक मोकळी ओळ ठेव, आणि ती वाचायला माणूस नेम. हे महाग पडतं, वेळ खातं, आणि तुझ्या संख्याशास्त्रज्ञाला आवडणार नाही. उद्या संस्था विकली गेली, बंद पडली, तर या विदेचं काय होणार, हे पहिल्याच दिवशी साध्या मराठीत सांग. आणि निष्कर्ष निराशेचा निघाला तरी तो आधी त्यांच्याकडे घेऊन जा, ज्यांनी नोंदी दिल्या. एएलएसच्या रुग्णांनी तो पेलला, तुझेही लोक पेलतील.

यातलं काहीच जमत नसेल, तरी सर्वेक्षण कर. सर्वेक्षण हे काही पाप नाही. फक्त त्याला सर्वेक्षणच म्हण. लोकांना भागीदार म्हणू नकोस.

जाता जाता, पत्नीचं सांगायचं राहिलं. त्या सर्वेक्षणानंतर आठवड्याभरात आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. तिने चपलेची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी तिला डोळे मिटायला लावलं आणि तळव्याला बारीक दोरा टेकवून 'कळतंय का?' असं विचारत गेले. बऱ्याच ठिकाणी तिला कळत नव्हतं. आता ती रोज रात्री आरसा धरून तळवे बघते, आणि घरातही मऊ बूट घालते. ते सगळं ठीक चाललंय. पण त्या सर्वेक्षणात तिच्या नावापुढे अजूनही 'नाही' आहे, आणि तिच्यासारख्या आणखी किती जणींपुढे ते असेल, हे त्या विदेवरून कुणालाच कळणार नाही.

थांबतो. यातलं जे पटलं नाही ते अवश्य विचारा. प्रश्न तुमचेच असू द्या.