दिवाणाखालचे गठ्ठे आणि ‘करमणूक’

दरवर्षी नवरात्र संपले की आमच्याकडे घर झाडायला निघते आणि त्याबरोबर एक प्रश्नही निघतो. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाखाली माझ्या दुसऱ्या कादंबरीचे गठ्ठे आहेत. ते ओढून काढायचे, खालची धूळ पुसायची, वाळवी लागली नाही ना ते पाहायचे आणि परत आत सारायचे. सासूबाई एवढेच विचारतात, “यंदा किती उरले गं?” त्यांच्या विचारण्यात टोमणा नसतो. लोणच्याच्या बरणीत किती फोडी उरल्या, हे त्या ज्या सुरात विचारतात त्याच सुरात हेही विचारतात.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. दोन कादंबऱ्या स्वखर्चाने काढल्या. दुसरीच्या पाचशे प्रती छापल्या, तीन वर्षांत दोनशे चौदा गेल्या. गेल्या म्हणजे विकल्या गेल्या असे नव्हे; त्यांत भेट दिलेल्या, अभिप्रायार्थ पाठवलेल्या आणि एका वितरकाकडून कोपरे दुमडून परत आलेल्याही आल्या. या सगळ्याची एक वही मी ठेवते. डाव्या पानावर लिहिलेली पाने, उजव्या पानावर खपलेल्या प्रती. या तीन वर्षांत उजवी बाजू भरत गेली आणि डाव्या बाजूला तिसऱ्या कादंबरीची जेमतेम एकेचाळीस पाने जमा झाली. बाकीचा वेळ पाकिटे चिकटवण्यात, पोस्टाच्या रांगेत, व्हॉट्सॲपच्या गटांवर मुखपृष्ठ टाकण्यात आणि प्रदर्शनातल्या अर्ध्या टेबलामागे बसण्यात गेला. मुलाची दहावी, सासूबाईंचा गुडघा आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांची नोंद या वहीत नाही. त्यांना वही पुरली नसती.

हे रडगाणे एवढ्यावरच थांबवते. लेखाचा विषय हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांची लांबी हा आहे. मात्र दिवाणाखाली गठ्ठे नसते, तर तो मला सुचला नसता.

हरिभाऊंवरचा पाल्हाळाचा आरोप जुना आहे. मीही वर्गात अठरा वर्षे तो एका वाक्यात सांगत आले: सूक्ष्म निरीक्षण, जिवंत व्यक्तिचित्रे, मात्र रचना सैल. विद्यार्थी हे लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात आणि गुण मिळवतात. सैल का, हे आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही आणि मलाही तो प्रश्न पडला नव्हता. उत्तर तसे माहीत असते. कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध झाल्या, म्हणून सैल. पण हे उत्तर अर्धे आहे. पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ हरिभाऊंनी 1885 साली दुसऱ्याच्या पत्रात, ‘पुणेवैभवा’त, लिहिली. 1890 मध्ये त्यांनी स्वतःचे ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ते 1917 पर्यंत चालले. ‘पण लक्षात कोण घेतो’, ‘मी’, ‘उषःकाल’ ही सारी त्या अंकांतून आली. म्हणजे लिहिणारा, छापायला देणारा आणि वर्गणीदार टिकवणारा माणूस एकच होता. आजच्या भाषेत हरिभाऊ स्वयंप्रकाशित कादंबरीकार होते आणि तेही सत्तावीस वर्षे.

शिवाय त्यांना नोकरी होती. कॉलेजात गेले, पण पदवी हाती लागली नाही. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी 1888 मध्ये स्थापन केलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. ही संस्था संस्कृत ग्रंथ छापून प्रसिद्ध करणारी. म्हणजे एकीकडे संस्कृत पोथ्यांचा कारभार आणि दुसरीकडे यमूचे माजघर. त्यात पुढे पुणे नगरपालिकेचे काम आणि तिचे अध्यक्षपदही आले; 1912 साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते होते. आजच्या लेखन-कार्यशाळांत ‘वेळेचे नियोजन’ शिकवतात, तिथे या माणसाचे नाव कुणी घेत नाही याचे मला नवल वाटते.

आता ‘पण लक्षात कोण घेतो’कडे येते. पुस्तक म्हणून वाचताना मधला मुंबईचा भाग मला नेहमी लांबलेला वाटे. यमू आणि रघुनाथराव यांचा संसार, विष्णुपंत-लक्ष्मीबाईंचा शेजार, वाचन, गप्पा, फिरायला जाणे. काही घडत नाही, सुख तेवढे चालू राहते. वर्गात मी हा भाग ओलांडून थेट रघुनाथरावांचा मृत्यू, शंकरमामंजी आणि केशवपन यांवर येत असे. तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो.

गेल्या वर्षी मी हीच कादंबरी मुद्दाम हप्त्याहप्त्याने वाचली. रविवारी एक प्रकरण, मग आठवडाभर पुस्तक बंद. मूळ हप्ते नेमके कुठे तुटत होते, याच्याशी माझा मेळ बसला असेल असा दावा नाही. हा प्रयोग संशोधनाच्या शिस्तीत बसणारा नाही, पण त्यातून जे हाती आले ते कुठल्याही टिपणात मला मिळाले नव्हते. मुंबईचा भाग संपेपर्यंत माझ्या स्वतःच्या घरात एक पावसाळा येऊन गेला होता. यमूचे सुख मी आठवडेच्या आठवडे सोबत बाळगले होते. भाजी चिरताना मधूनच ती काय करत असेल असे मनात येई. मग रघुनाथराव गेले. ते प्रकरण मी पूर्वी किमान वीसदा वाचले असेल, पण या वेळी पुढचा रविवार येईपर्यंत मला चैन पडले नाही. जिला आपण वर्षभर ओळखतो तिचे कपाळ पांढरे होणे आणि जिला परवापासून ओळखतो तिचे होणे, यांत फरक पडतो.

ही कादंबरी 1890 ते 1893 अशी चालली. मधल्या 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला. त्यावरून पुण्यात केवढी रणे माजली ते सर्वांना ठाऊक आहे. ज्या घरांत त्या वादावर आवाज चढत होते, त्यांतल्या काही घरांत ‘करमणूक’ही येत असणार. वादातली बालवधू हा एक मुद्दा होता, अंकातली यमू ही घरात येणारी-जाणारी मुलगी होती. पाल्हाळाने हे साधले. पण तो कलेच्या जाणिवेतून आला, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अंक भरायचा होता. एखाद्या परक्या प्रकाशकाने मधली चाळीस पाने काढायला सांगितली असती आणि कदाचित तो बरोबरही ठरला असता. सांगणारे कुणी नव्हते, कारण प्रकाशक स्वतः लेखकच. त्या सैलपणात आळसाला जेवढी जागा होती तेवढीच धीरालाही होती. ‘पण लक्षात’मध्ये धीर जिंकला. ‘मी’च्या उत्तरार्धात, भावानंद समाजकार्याला लागल्यावर, तसे झाले असे मला वाटत नाही. तिथे कथा मागे पडते, व्याख्यान पुढे येते आणि त्याला आवरणारा कुणी नाही हे जाणवत राहते.

हरिभाऊ ज्यांचे वाचक होते त्या डिकन्सचे उदाहरण इथे उपयोगी पडते. त्याचेही स्वतःचे साप्ताहिक होते. ‘ऑल द इयर राउंड’मध्ये चार्ल्स लीव्हरची कादंबरी चालू असताना खप घसरू लागला, तेव्हा मासिक हप्त्यांसाठी योजलेली ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ डिकन्सने डिसेंबर 1860 पासून साप्ताहिकात आणली. विक्रीसाठी आराखडा बदलला आणि त्याच्या सर्वांत घट्ट विणीच्या कादंबऱ्यांपैकी एक तयार झाली. विक्रीची चिंता कलेला मारतेच, हे म्हणणे मी त्यामुळे सोडून दिले आहे. ती कुठल्या टप्प्यावर लेखकाच्या डोक्यात शिरते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

हरिभाऊंच्या बाबतीत ती लिहितानाच शिरलेली होती. या आठवड्याचे प्रकरण हीच पुढच्या आठवड्याची जाहिरात. माझे आधी लिहून संपते, मग छपाई होते, आणि मी विकायला निघते तेव्हा कादंबरीशी माझा संबंध तुटलेला असतो. जिच्यातून मी मनाने बाहेर पडले आहे तिच्याबद्दल मला महिनोन्‌महिने उत्साहाने बोलावे लागते आणि जिच्यात शिरायचे आहे ती बाहेर उभी राहते. त्यांचे काम एक होते, माझी दोन झाली. माझी वही दोन पानांत विभागली गेली, त्याचे कारण मला इथे सापडते. इतकी वर्षे मी स्वतःच्या आळसाला दोष देत होते.

पण हरिभाऊंचे सगळे जमले असे दाखवणे खोटे होईल. ‘गणपतराव’ अपूर्ण आहे. ‘कर्मयोग’ अपूर्ण आहे. ‘करमणूक’ बंद पडली आणि ती कादंबरीही तिथेच थांबली, पुढे दोनच वर्षांत, 1919 मध्ये, हरिभाऊ गेले. हप्त्याने वाढणारी कादंबरी हप्ता थांबला की मरते. माझे गठ्ठे निदान पूर्ण कादंबरीचे आहेत.

आणखी एक गोष्ट वहीत बसत नाही, ती म्हणजे घर. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे उदाहरण घेऊ. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड त्यांनी 1920च्या दशकात काढले, तेही मंडळी काढून, भाग विकून, वर्गणीदार जमवून. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात त्यांनी त्याची हकीकत सांगितली आहे. पुस्तक लिहिणे आणि ते दारोदार पोचवणे ही एकच विद्या आहे, असे मानणारा हा मराठीतला मोठा माणूस. ‘ब्राह्मणकन्ये’सारख्या त्यांच्या कादंबऱ्यांची ओबडधोबड घडण पुष्कळांना खटकली, दुर्गाबाई भागवतांना मात्र त्यांवर ‘केतकरी कादंबरी’ हे अख्खे पुस्तक लिहावेसे वाटले. केतकर 1937 मध्ये गेले ते हलाखीत. पत्नी शीलवतीबाई, मूळच्या एडिथ कोह्‌न. विंटरनिट्‌झच्या भारतीय वाङ्‌मयाच्या जर्मन इतिहासाचा इंग्रजी अनुवाद त्यांचा. त्यांनी लिहिलेल्या आठवणींचे नाव ‘मीच हे सांगितलं पाहिजे’. समीक्षेत केतकरांच्या कादंब‍ऱ्यांशेजारी हे पुस्तक ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही. मला ते ज्ञानकोशाचा चोविसावा खंड वाटते: बाकीचे तेवीस कुणाच्या जिवावर निघाले, त्याचा हिशेब.

‘करमणूक’ निघत होती त्या वर्षांतही असा हिशेब असणारच. हरिभाऊंच्या स्नेही आणि पत्रमैत्रीण काशीबाई कानिटकर यांच्याकडे पाहिले की तो थोडासा दिसतो. 1861चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, वाचायला शिकल्या त्या सासरच्या नापसंतीत. त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली 1903 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्याच वयाचे हरिभाऊ घ्या: ‘पण लक्षात’, ‘मी’, ‘उषःकाल’ सगळे मागे पडलेले. प्रतिभेतला फरक मी नाकारत नाही. ‘रंगराव’ आज मला नेटाने वाचावी लागते. पण काशीबाईंना दर आठवड्याला निघणारे स्वतःचे साप्ताहिक मिळाले असते तर, या प्रश्नाचे उत्तर प्रतिभेच्या हिशेबातून निघत नाही. त्यासाठी आधी दर आठवड्याला एक रिकामी दुपार लागते.

माझ्या नवऱ्याने हा लेख वाचून विचारले, “मग आम्ही तुझ्या कुठल्या खंडात?” मी म्हटले, वहीत तुमचे पान नाही, हीच अडचण आहे. त्यावर तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पोस्टात तोच गेला.

कारण मधल्या काळात मी एक ठरवले होते. वहीच्या उजव्या पानावर ज्यांनी पुस्तक विकत घेऊन नंतर पत्र किंवा फोन केला अशी त्रेसष्ट नावे पत्त्यांसह आहेत. तिसरी कादंबरी संपेपर्यंत थांबायचे नाही. दर महिन्याला एक प्रकरण, झेरॉक्स काढून, या त्रेसष्ट जणांना टपालाने. वर्षाची वर्गणी ठरवली, ती टपालखर्चाला पुरते, कागदाला थोडी कमी पडते. एकोणचाळीस जणांचा होकार आला. एका निवृत्त शिक्षकांनी कळवले, की कादंबरी अर्धवट राहिली तर पैसे परत हवेत. त्यांना ‘कर्मयोगा’ची गोष्ट सांगावी असे क्षणभर वाटले, पण नुसते ‘बरं’ एवढेच लिहिले.

एकेचाळीस पाने हातात आहेत, म्हणजे तीन हप्ते सुटतात. चौथा माघात जायला हवा आणि त्यातले अजून एक वाक्यही झालेले नाही. सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी दिवाणाकडे पाहिले. “म्हणजे याचे गठ्ठे नाही व्हायचे?” बहुधा नाही, मी म्हटले. “मग पहिलं मला वाचून दाखव,” त्या म्हणाल्या, “अक्षर मोठं काढ म्हणावं झेरॉक्सवाल्याला.”