ओंडक्याचं टोक बघा

आपल्या मंडळींच्या न्यूझीलंडच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो: करडी वाळू, मागे खवळलेला समुद्र आणि पुढ्यात लाटांनी घासून पांढुरकं झालेलं ड्रिफ्टवूड. होकिटिकाला तर गावाचं नावच किनाऱ्यावर लाकडांनी लिहिलंय. तिथे फोटो न काढता परतलेलं मराठी कुटुंब मला तरी भेटलेलं नाही!

असे फोटो देखणे असतात, यात वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे लाकूड आलं कुठून, ते त्यांतून कळत नाही. होकिटिकाचं उत्तर सोपं आहे: सदर्न आल्प्सवर धो धो पाऊस पडतो, दरडी कोसळतात, नद्या झाडं मुळासकट समुद्रात नेतात. अशा ओंडक्यांची टोकं फाटलेली, गोलसर असतात.

नॉर्थ आयलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टोलागा बेला, मात्र करवतीने सरळ कापलेली टोकंही दिसतील. मार्च १९८८ च्या बोला वादळात तिथले डोंगर खचले. माती धरून राहावी म्हणून मग पाइनची लागवड वाढवली गेली. झाडं वाढली, तोड झाली, आणि मागे टाकलेले बुंधे-फांद्या (इथे त्याला 'स्लॅश' म्हणतात) जून २०१८ च्या पावसात आणि फेब्रुवारी २०२३ च्या गॅब्रिएल वादळात खाली आल्या. जानेवारी २०२३ मध्ये गिस्बोर्नच्या किनाऱ्यावर पाण्यातल्या ओंडक्याचा मार लागून एक शाळकरी मुलगा दगावला.

त्या दिवसांतले ड्रोनने घेतलेले फोटो आठवा. उंचावरून सगळा किनारा काड्यापेटी सांडल्यासारखा, चक्क सुंदर दिसतो! मला ते फसलेले फोटो वाटतात. जमिनीवरून, शेजारी माणूस उभा करून घेतलेला साधा फोटो जास्त बोलतो; ओंडका कमरेएवढा आहे हे त्यातच कळतं.

रॉबिन मॉरिसन यांना हे पक्कं ठाऊक होतं. १९७९ मध्ये ते सहकुटुंब साउथ आयलंडभर फिरले आणि १९८१ मध्ये त्यांचं 'द साउथ आयलंड ऑफ न्यूझीलंड फ्रॉम द रोड' हे पुस्तक आलं. त्यात बर्फाच्छादित शिखरांपेक्षा रंगवलेली घरं आणि दारात उभी माणसंच लक्षात राहतात. लायब्ररीत मिळालं तर जरूर चाळा, आणि मुलांनाही दाखवा. पुढच्या सुट्टीत त्यांच्या हाती कॅमेरा असेल, तेव्हा आधी ओंडक्याच्या टोकाशी बसवा.